हळदीच्या ड्रममधले तारे

पंचफुलाबाईचा दिवस त्या शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू झाला. एरवी ती पाचला उठते. पण त्या दिवशी हळदीच्या दोन भरण्या उरकून दुपारी एकपर्यंत तिला वसमतला, लेकीच्या कॉलेजात पोचायचं होतं.

कुरुंदा गावातल्या हळद-पॉलिशच्या शेडवर ती बारा वर्षं आहे. जाळीचा मोठा ड्रम, एका भरणीला पाच क्विंटल हळद. म्हणजे वीस किलोच्या पंचवीस टोपल्या, छातीपर्यंत उचलून. मोटार पाऊण तास ड्रम फिरवते. हळकुंडावर हळकुंड घासतं, साल झडते आणि मळकी हळद पिवळीधमक होऊन बाहेर येते.

तिची लेक मंजुषा बी.एस्सी.ला. शनिवारी कॉलेजात प्रदर्शन होतं. त्यात आपला विषय जो सगळ्यांत नीट समजावील, त्या एकालाच कॉलेज पुण्याकडच्या मोठ्या दुर्बिणींपाशी, विज्ञान मेळाव्याला पाठवणार होतं. सरावाच्या वेळी, निवड करणाऱ्या सत्यशीला मॅडम म्हणाल्या होत्या, "सगळं बरोबर आहे, पण मला काही कळलं नाही." तेव्हापासून पोरगी रात्रंदिवस कागद पाठ करत होती.

प्रदर्शनाआधीच्या बुधवारी ती डबा घेऊन शेडवर आली, तेव्हा पंचफुलाबाई म्हणाली, "मला सांग. मला कळलं तर मॅडमला बी कळल."

"माय, आपल्या आकाशगंगेच्या मधोमध एक कृष्णविवर हाय. चाळीस लाख सूर्यांएवढं वजन. त्याच्याभोवती ताऱ्यांची लई दाटी. लाखो वर्षांत कधीतरी एकमेकावर आदळतेत."

"मंग फुटतेत?"

"न्हाई ना. अगदी जवळचे लई जोरात पळतेत. घासून जातेत, वरची साल उडते अन् तारा पुढं निघून जातो. जरा लांबचे हळू असतेत, ते चिकटतेत. दोनाचा एक होतो, मोठा, तेजदार. वय म्हाताऱ्याचं, पण दिसतो जवान."

पंचफुलाबाईनं भरलेली टोपली खाली ठेवली. कामात ती असं कधी करत नाही.

"आगं, हे तर माझंच काम हाय. तू काहून कागद पाठ करून राहिली?"

शेडचे मालक शिवहारभाऊ ऐकत होते. कोपऱ्यातला हाताचा जुना ड्रम त्यांनी देऊन टाकला. "घेऊन जा मावशी. पर ताऱ्यांना म्हणावं, पॉलिशचा रेट तोच हाय."

शनिवारी कॉलेजात पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत दाखवायचं, म्हणून पंचफुलाबाईनं अर्धी पॉलिश झालेली हळद नेली. पदर खोचला, पाय रोवले आणि ड्रम जोरात फिरवला. मिनिटाला चाळीस फेरे, एकही कमी नाही. खोली पिवळी झाली. पुढच्या रांगेत शिंकांची माळ लागली. मंजुषा बोलत होती, शिंकत होती, हसत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या हातात कागद नव्हता. सालीचा ढीग खाली, गुळगुळीत हळकुंडं आत.

मग पंचफुलाबाईनं हळदीचं दाट पाणी मारलं आणि ड्रम सावकाश फिरवला. एक जाडजूड हळकुंड काढून मॅडमच्या हातावर ठेवलं.

"ही नवी जात आहे का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम, दोन जुनी हायेत. चिकटली."

मॅडमच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. "आणि वर आकाशात हा ड्रम फिरवतं कोण?"

"कुणीच न्हाई," मंजुषा म्हणाली. "मधल्या वजनाच्या ओढीनंच ते पळतेत."

"फुकटची मोटार," पंचफुलाबाई म्हणाली, आणि सगळी खोली हसायला लागली. मॅडम सगळ्यांत जास्त. डोळे पुसत त्यांनी मंजुषाचं नाव लिहिलं. "आता कळलं," त्या म्हणाल्या. "मेळाव्यात असंच दाखव. पण कॉलेज एकाच तिकिटाचे पैसे देतं. तिथं ड्रम कोण फिरवणार?"

"चाळीस फेरे दुसऱ्या कुणाला जमायचे न्हाईत," पंचफुलाबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्याच्या मजुरीतून तिनं पुण्याच्या गाडीचं स्वतःचं तिकीट काढलं. जाण्याचं आणि येण्याचं, खिडकीजवळचं.