निळा पडदा आणि विणलेला रुमाल

मंगळवार, ९ जुलै. सव्वासातला पाणी आलं. स्वयंपाकघरातला दिवा बदलला. ११.१० ला सूनबाईचा संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला. २.४० ला पुन्हा, ४.०५ ला पुन्हा. सूनबाई जेवली नाही.

त्या दिवशी माझ्या रोजच्या वहीत एवढंच लिहिलं. कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं लिहायचं नाही ही माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची शिस्त. आज मात्र सविस्तर लिहिते, कारण दहा दिवस माझ्या घरात एका हुशार बाईला वेंधळी ठरवलं जात होतं, आणि ठरवणारा माझ्या पोटचा मुलगा होता.

माझी सून इमारतींचे नकाशे काढते. लेक झाल्यावर तिनं नोकरी सोडली. आठ वर्षांनी जुन्या ऑफिसातल्या वास्तुरचनाकार बाईंनी तिला एका शाळेचं काम घरून करायला दिलं. बांधून झालेली शाळा कशी दिसेल, त्याची बारा चित्रं संगणकावर करून २० तारखेला, शनिवारी द्यायची. बाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, "घरून काम करणाऱ्यांचा मला चांगला अनुभव नाही. हे वेळेत आलं तर पुढचं बोलू."

साध्या रेघा मारताना संगणक शहाण्यासारखा वागे. चित्र करायला घेतलं की पंखा घोंघावू लागे आणि अर्ध्यावर तो निळा पडदा येई.

चिरंजीवांनी पहिला आरोप माझ्यावर ठेवला. धूळ बसू नये म्हणून मी त्या खोक्यावर विणलेला रुमाल घातला होता. "आई, संगणकाला थंडी वाजत नाही," चिरंजीव म्हणाले. मी रुमाल काढला. बुधवारी संगणक चारदा बंद पडला. मग आरोप बायकोवर.

"तू एका वेळी छप्पन्न गोष्टी उघडून बसतेस. ते बिचारं काय करणार?"

"छप्पन्न नाही. दोन," ती म्हणाली.

"मग हाताळताना काहीतरी बिघडवलं असशील."

गुरुवारी सकाळी तिनं त्याला सरळ विचारलं, "संगणकाचा वेग वाढवलायस का? कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वाढवला की असंच होतं."

"तो मार्चमध्ये वाढवला. चार महिने झकास चाललं की. तो उतरवलास तर बैलगाडी होईल. त्याला हात लावू नकोस."

तिनं विश्वास ठेवला. हे संभाषण तेव्हा माझ्या कानावर आलं नाही, मी फुलझाडांना पाणी घालत होते; सूनबाईनं ते नंतर सांगितलं. त्याची चुटपुट अजून आहे.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून पाहायचं, हे तिनं त्यांच्याकडे बघून उचललं. तिनं वर्तमानपत्र पसरलं, प्रत्येक स्क्रू कुठला ते पेन्सिलीनं शेजारी लिहिलं, धूळ झटकली. एक दिवस मेमरीची एक पट्टी काढून पाहिली, दुसऱ्या दिवशी दुसरी. वीज दुसऱ्या भिंतीवरून घेतली. दर वेळी एक चित्र लावायचं आणि ते कितव्या मिनिटाला बंद पडतं ते टिपायचं. एवढं चोख काम चाललेलं असताना चिरंजीव संध्याकाळी बूट काढता काढता विचारत, "आज काय मोडलंस?" मी दोनदा गप्प बसले. बसायला नको होतं.

गुरुवारी, १८ तारखेला, बारापैकी तीनच चित्रं झाली होती. नाश्त्याच्या वेळी ती म्हणाली, "एकदाच वेग उतरवून बघू दे. दुसरं काही उरलं नाही."

"किती वेळा सांगू? मार्चपासून त्याला कुणी हात लावलेला नाही."

मार्च हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. उठले, वही आणली, चष्मा लावला आणि वाचलं: "रविवार, ७ जुलै. चिरंजीव दहा ते बारा संगणकापुढे. मित्राला फोनवर: 'अजून चढवला, आता तुझ्या पुढे गेलो.' बहुधा खेळातले गुण."

चिरंजीवांनी कप खाली ठेवला.

"आई, तू माझे फोनसुद्धा लिहून ठेवतेस?"

"या घरात मोठ्यानं बोललेलं सगळं ऐकू येतं. बायकोचं तेवढं तुला येत नाही."

"वेग थोडासाच चढवला होता गं."

"त्या थोड्याशात तिचा आठवडा गेला. आणि मोडलंस काय, हे तू तिला विचारत होतास."

सूनबाई वाद घालायला थांबली नाही. आत गेली, संगणक पुन्हा सुरू केला आणि त्याचा वेग मुळात होता तिथे आणून ठेवला. एकेका चित्राला दहा मिनिटं जास्त लागू लागली. निळा पडदा एकदाही आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला बारावं चित्र झालं.

"आता जरा हळू वाटतोय," चिरंजीव मागे उभे राहून म्हणाले. क्षमा नाही, काही नाही.

"मित्राला कळव, आपण हरलो," ती मान न वळवता म्हणाली.

शनिवारी साडेदहाला चित्रं पोचली. पुढच्या कामासाठी बाईंनी सोमवारी बोलावलंय. खरं तेही लिहायला हवं: मी विचारल्यावर तिनं रुमाल घालून उष्णता मोजली. चार अंश जास्त भरली. आपणहून तिनं सांगितलं नसतं.

शनिवार, २० जुलै, संध्याकाळ. विणलेला रुमाल धुतला. शिवणयंत्रावर घातला, नीट बसला.