सासऱ्यांचा पासपोर्ट आणि लोकसभेचा अर्ज

दोन हजार चार उजाडेपर्यंत माझे सासरे लोकसभेला तीनदा पडले होते. लग्न ठरवताना ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही, कारण तेव्हा ते एकदाही उभे राहिले नव्हते. तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते. निवृत्त झाले आणि शहाण्णव साली अपक्ष म्हणून उभे राहिले. मग अठ्ठ्याण्णवला, मग नव्याण्णवला. त्या दिवसांत दिल्लीतली सरकारं अशी भराभर पडत होती की हौशी उमेदवाराला दम खायला फुरसत नव्हती. पहिल्या वेळी त्यांना कपबशी मिळाली, दुसऱ्या वेळी पतंग, तिसऱ्या वेळी शिलाई मशीन. अनामत तिन्ही वेळा जप्त.

इकडे दुबईत, करामा भागात शुक्रवारी आम्ही मित्रमंडळी जेवायला जमायचो, तिथे मी ऐटीत सांगायचो, "आमचे फादर-इन-लॉ पॉलिटिक्समध्ये आहेत." कुणी "कुठल्या पार्टीत?" असं विचारलं की मी घाईने आणखी एक ताक मागवायचो.

दोन हजार चारच्या जानेवारीत ते व्हिजिट व्हिसावर आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये आले. बॅगेत मेतकुटाच्या डब्याखाली एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती. आमच्या मतदारसंघातून आजवर उभा राहिलेला प्रत्येक उमेदवार तिच्यात होता. कोण कितव्यांदा उभा, कुठल्या पक्षातून, चिन्ह काय, मतं किती, पडल्यावर कुठे गेला. शेवटच्या रकान्यावर एकच शब्द लिहिलेला: पूल.

त्यांची शाळा रेल्वेच्या पलीकडे. निम्मी पोरं रूळ ओलांडून शाळेत येतात. तिथे पादचारी पूल व्हावा म्हणून त्यांनी नोकरीभर अर्ज केले. "पूल रेल्वेचा, रेल्वे दिल्लीची," ते म्हणायचे, "मग नगरपालिकेला उभं राहून काय करू?" कुठल्या उमेदवाराने कुठल्या सभेत पुलाचं वचन दिलं ते शेवटच्या रकान्यात होतं. "जावईबापू, नीट बघा. मी उभा राहिलो त्या तिन्ही वेळा सगळ्यांच्या भाषणात पूल आहे. त्याआधीची पानं उलटा. रकाना कोरा."

मी पानं उलटली. रकाना खरंच कोरा होता. पुढच्या शुक्रवारी मी करामात त्या वहीतले तीन किस्से स्वतःच्या अभ्यासातले म्हणून सांगितले.

फेब्रुवारी संपता संपता बातमी आली, निवडणूक लवकर होणार. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. सासरे पहाटे उठून गॅलरीत उभे राहायचे. खाली दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तासन्तास हलत नसे, आणि वरून ते तिच्यावर चिडायचे, जणू तीच त्यांना अडवून बसली आहे. आमची लेक दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत अरबी शिकत होती. तिने गाड्यांच्या नंबरप्लेटवरून त्यांना अरबी आकडे शिकवले. "आजोबा, धिस वन इज सेव्हन." "सात म्हणजे व्ही. आणि आठ म्हणजे व्ही उलटा पाडलेला," ते म्हणाले. "माझ्यासारखा." आठवड्याभरात ते गाड्या झरझर वाचायला लागले.

बायको मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "मागच्या खेपेला प्रचारात चक्कर येऊन सायकलवरून पडले होते. आता एप्रिलच्या उन्हात पुन्हा? मला बाप हवाय, उमेदवार नको."

"मग त्यांना सांग ना."

"सांगून ऐकलंय त्यांनी कधी? तुम्ही काहीतरी करा."

'तुम्ही काहीतरी करा' म्हणजे काय करायचं ते तिने आधीच ठरवलेलं असतं. मार्चच्या मध्याला व्हिसा संपत होता. परीक्षा संपल्याने विमानं भरलेली, तिकीट मिळेपर्यंत व्हिसा वाढवून घेऊ, असं सासऱ्यांना सांगायचं. पासपोर्ट माझ्या ऑफिसच्या मंदूबकडे द्यायचा. सरकारी कागदांची कामं करणारा हा आमचा माणूस. त्याच्याकडून परत आला की गप्प ठेवून घ्यायचा आणि अर्ज भरायची मुदत उलटली की घरी आणायचा. सासरे तयार झाले, कारण अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

मंदूबने जन्मात पहिल्यांदा काम वेळेवर केलं. दोन दिवसांत पासपोर्ट शिक्का मारून माझ्या टेबलावर! मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. त्यानंतर दर संध्याकाळी दारातच प्रश्न.

"आला का?"

"मंदूब म्हणाला, इन्शाल्ला बुक्रा."

"बुक्रा म्हणजे?"

"उद्या."

"तुमचा उद्या रोज नवा निघतो की कालचाच वापरतात?"

मी हसायचो. मग जेवण जायचं नाही. रात्री कूस बदलत राहायचो आणि बायको म्हणायची, "हलू नका, मलाही झोप येत नाहीये." बाहेरच्या खोलीत चपलांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अपक्षाच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. सासऱ्यांचे दहाही सूचक त्यांचे जुने विद्यार्थी, तिकडे तयार बसले होते.

त्यांच्यातल्या एकाचा एका शुक्रवारी सकाळी फोन आला. सासरे अंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला.

"सर येतायत ना?" तो म्हणाला. "परवा मोठ्या उमेदवाराची सभा झाली. सव्वा तास बोलला. पुलाचं नाव नाही. माझी पोरगी यंदा पाचवीला गेली हो, पलीकडच्या शाळेत."

"बघतो," मी म्हणालो. काय बघणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. येताना करामात थांबून तिकीट काढलं. विमानं मुळीच भरलेली नव्हती. मग पासपोर्ट शेजारच्या सीटवर ठेवून दीड तास शारजाच्या रांगेत उभा. पुढची गाडी वीतभर सरकली की माझा निश्चय पक्का व्हायचा, थांबली की बायकोचा चेहरा दिसायचा. हॉर्न इतका वाजवला की बाजूचा पठाण ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "हबीबी, उड़ के जाएगा क्या?"

घरी पोचल्यावर मी जमेल तितक्या सहजपणे म्हणालो, "आजच मिळाला. खलास, काम झालं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. सासऱ्यांनी चष्मा लावला. हजेरीपट, मतदार याद्या आणि उमेदवारी अर्ज तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस. कुठलाही कागद ते पहिल्या पानापासून वाचायचे. मुदतवाढीच्या शिक्क्यापाशी थांबले. बोट ठेवून, नंबरप्लेट वाचावी तसे, तारखेचा एकेक अरबी आकडा पुटपुटले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"नऊ दिवस," ते म्हणाले.

त्यांनी पासपोर्ट मिटला.

"जावईबापू, माझ्या वहीत एक गृहस्थ चार पक्ष फिरून आलेत. पण इतका साळसूद चेहरा त्यांनासुद्धा जमला नाही."

"आप्पा, मीच सांगितलं होतं त्यांना," बायको म्हणाली.

"ते कळलं मला. त्यांची एकट्याची एवढी छाती नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर हायसं वाटलं.

बायको रडायला लागली तशी ते तिच्याशेजारी बसले. "उन्हात फिरणार नाही. सायकलला हात लावणार नाही. फक्त अर्ज भरतो. अर्ज राहिला तर नाव राहतं, नाव राहिलं तर बाकीच्यांना पुलाबद्दल बोलावंच लागतं. एवढंच गं."

तिने डोळे पुसले आणि गोळ्यांच्या तीन पट्ट्या बॅगेत वरच, हाताला लागतील अशा ठेवल्या. ते गावी पोचले आणि शेवटच्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना अर्ज देऊन मोकळे झाले. या खेपेला चिन्ह मिळालं शिट्टी.

मेमध्ये मतमोजणी. तिकडे आठ वाजता सुरू, म्हणजे आमच्याकडे साडेसहा. बायको सहापासून टीव्हीसमोर. टीव्हीवाले पहिल्या दोघांपलीकडे कुणाचं नाव घेईनात. ती उठायची, बसायची, पुन्हा उठायची. पन्नास दिरहमचं फोनकार्ड, म्हणजे सहाशे रुपये, असा हिशोब नेहमी मोठ्याने करणारी बाई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही, नुसती नंबर फिरवत राहिली. दुपारी फोन लागला. तिने रिसीव्हर मला दिला.

"पडलो," सासरे म्हणाले. आवाज अगदी खणखणीत. "अनामत गेली. पण या वेळी यंत्रं होती ना, प्रत्येक बूथचे आकडे निराळे कळले. आपल्या शाळेच्या बूथवर मी दुसरा."

"आणि पूल?"

"तिघांच्या भाषणात. रकाना भरलाय. थंडीत येतो तिकडे. पासपोर्ट मात्र माझ्या पिशवीत राहील."

मी बायकोला सांगितलं, शाळेच्या बूथवर दुसरे आले. तिने माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. मला वाटलं, आता गोळ्या घेतल्या का ते विचारेल.

"आप्पा," ती म्हणाली, "पहिल्यापेक्षा किती मतं कमी पडली?" आणि मला खूण करून पेन मागितलं.