वहिनींची चिंचोक्याची खळ

वहिनी गेल्या त्या दिवशी मी गहू निवडत बसले होते. जिंतूरहून पुतण्याचा, श्रीधरचा फोन आला. तो नुसता "आत्या..." म्हणाला आणि मला कळलं. वहिनी नव्वदीला टेकल्या होत्या, दोन महिने अंथरुणाला खिळून होत्या, तरी हातातलं सूप खाली ठेवायचं मला किती तरी वेळ सुचलं नाही. आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, पिकलं पान होतं, सोनं झालं. झालं असेल. पण मला 'वन्सं' म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

वहिनी भित्र्या होत्या. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण हे खोटं कसं बोलू? मांजरानं ताटली पाडली तरी त्या देवाचं नाव घ्यायच्या. माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना चिडवायचा, "तुझी सावली अंगणात तुझ्या पुढं चालली तरी तू ओरडशील." त्या म्हणायच्या, "हसा. भिणारं माणूस घरात एक तरी असावं."

दादा जिंतूरच्या तहसिलीत कारकून होता आणि कचेरी सुटली की सुतार. परसातल्या पत्र्याच्या पडवीत तो पाट, चौरंग, पोळपाट करायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी रंधा धरला नव्हता, पण लाकूड दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. कापणं, रंधणं, जोडणं त्याचं. घासून गुळगुळीत करणं वहिनींकडे. काचकागद घेऊन त्या तासन्‌तास पाट घासायच्या. तळवे सोलून निघायचे. एकदा त्या मिरच्यांचा ठेचा करत होत्या आणि हात झटकून एकदम भिंतीकडं वळल्या. दादानं ते पाहिलं. पुढच्या खेपेला सरकारी कामानं परभणीला गेला तो बैलगाडीत कडब्याखाली एक यंत्र घालूनच परतला.

स्टेशनजवळ जुनं लोखंडी सामान विकणारे एक करीमचाचा होते, त्यांच्याकडं दादानं ते हेरून ठेवलं होतं. दिसायला शिवणयंत्रासारखं. खाली पायटा, वर सुईच्या जागी परातीएवढी लाकडी चकती. चकतीवर काचकागद चिकटवायचा, पायटा मारायचा, चकती घर्र घर्र फिरते, तिला पाट टेकवला की लोण्यासारखा होतो. करीमचाचांनी दुकानात स्वतः पायटा मारून दाखवला होता आणि बजावलं होतं, "साब, कागद सरेस सेच चिपकाव. दूसरा कुछ लगाए तो उड जाता."

सरस म्हणजे जनावरांचं कातडं उकळून केलेला डिंक. वहिनींनी तो घरात येऊ दिला नाही.

"ज्या पाटावर देव बसायचे त्याला कातडं लावता? आमच्यानं न्हाई व्हायचं."

"अगं, सरस चकतीला लागतो. पाटाला कुठं लागतो?"

"घासताना त्याची धूळ बसतीच की."

मग त्यांनी चिंचोके भाजले, कुटले, उकळून खळ केली आणि तिनं कागद चिकटवला. उन्हाळ्यात तो कसाबसा टिकला. पाऊस लागला तशी खळ ओल धरायला लागली आणि पायटा जोरात मारला की कागद सुटून पडवीभर भिरभिरायचा. दादा वैतागायचा. वहिनी उचलून पुन्हा चिकटवायच्या.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा तो श्रावण. माझे यजमान शिकायला नागपूरला होते म्हणून मी माहेरीच अडकले होते. निजामाच्या नावानं हत्यारं घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या रोज यायच्या. आज बोरीकडं अमक्याला उचललं, उद्या चारठाण्याकडं तमक्याच्या घराची झडती झाली. उचललेला परत आला असं फार थोड्यांचं ऐकू यायचं. दुपारी रस्ते ओस पडायचे. जेवताना कुणाच्या चपलांचा आवाज आला तर आमचे घास हातातच राहायचे. तेव्हा एकट्या वहिनीच भित्र्या राहिल्या नव्हत्या. आम्ही सगळेच भीत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

अशात दादानं वहिनींना न सांगता सरस आणला. मंगळागौरीचे चौरंग द्यायचे होते. सरसानं कागद असा घट्ट बसला की सुटीचे दोन दिवस दादानं एकट्यानंच यंत्र न थांबता चालवलं. तोवर आमच्या यंत्राचा आवाज सलग असा कधी आलाच नव्हता. तो गल्लीत गेला, गल्लीतून पुढं गेला. कुणी तरी कुणाला तरी सांगितलं, कारकुनाच्या घरात तलवारींना धार लावायलेत.

तिसऱ्या दिवशी दादा कचेरीत गेल्यावर वहिनी पडवीत झाडायला गेल्या आणि नाकाला पदर लावून बाहेर आल्या. "वन्सं, हा वास कशाचा हाय?" आम्ही दोघींनी गरम पाण्यानं चकती धुतली, कागद सोलला, नवा कागद खळीनं लावला. "तुमच्या दादांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "लय रागावतील."

दुपारी दादा घरी आला आणि त्याच्या पाठोपाठच ते आले. पाच-सहा जण. त्यांच्या म्होरक्यानं दाराची कडीसुद्धा वाजवली नाही.

"सुना है, तुमारे घर में तलवारां घिसते."

दादा म्हणाला, "जी नहीं. लकडी का काम है." त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. म्होरक्या सरळ पडवीत गेला, चकतीकडं पाहिलं आणि एकाच्या कमरेची गंजलेली तलवार ओढून दादाच्या हातात दिली. "घिस के बताव. चमकी तो साथ चलना."

दादाच्या लेखी कागद सरसाचा होता. तो सुटणार नव्हता, गंज निघणार होता, पातं चमकणार होतं. तलवार त्यानं धरली, पाय पायट्यावर ठेवला, पण पायटा काही दाबला नाही. चकती हलेना. मी दाराआडून चकती पाहत होते. नेमकं त्या दुपारी ऊन पडलं होतं, थेट पडवीत आलं होतं, आणि कागदाची कड पांढरी पडायला लागली होती. खळ वाळत होती... वाळली तर कागद सुटणार नव्हता.

तेवढ्यात वहिनी माझ्या अंगावरून पुढं गेल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. परपुरुषासमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. दादाला त्यांनी बाजूला सारलं आणि पायट्यावर पाय ठेवला.

"नको," दादा म्हणाला. त्याला वाटलं असणार, बायकोला भीतीनं वेड लागलं.

वहिनींनी पायटा असा मारला की सगळं यंत्र हादरलं. चकती घरघरली. दादानं डोळे मिटून पातं टेकवलं. एक क्षण ते किंचाळलं, गंजाची रेघ उठली, आणि फट्दिशी कागद सुटून म्होरक्याच्या छातीवर जाऊन चिकटला. ओल्या खळीचा ओघळ खाकी सदऱ्यावरून खाली आला. त्याचा हात बंदुकीच्या पट्ट्यावर होता. मग त्याच्याच माणसांतला एक जण फिसकन हसला. म्होरक्यानं कागद उपटून फेकला, "ये तो खिलौना है," म्हणाला आणि चकती लाथेनं फोडून, तलवार घेऊन निघून गेला.

दादा सुटलेल्या कागदाकडं पाहत खाली बसला. "तो कागद... सरसाचा होता," तो म्हणाला.

वहिनी तेव्हा रडायला लागल्या. "मी काढला सकाळी. चुकलं माझं. रागावू नका तुमी." ज्या बाईनं नुकता नवऱ्याचा जीव वाचवला होता ती त्याच नवऱ्याला भीत होती! दादानं त्यांचे दोन्ही तळवे हातात घेतले आणि डोळ्यांना लावले. माझ्यादेखत. आमच्या घरात तसं कुणी करत नसे. मी माजघरात निघून गेले आणि तिथं पोटभर रडले.

राज्य बदललं, दादाही गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. श्रीधरनं लाकूडकाम उचललं आणि परभणीहून विजेवर चालणारं पॉलिशचं मशीन आणलं. ते सुरू झालं की वहिनी हातातलं काम टाकून पुढच्या दाराला कडी घालायच्या आणि दाराला पाठ टेकून बसायच्या, आवाज थांबेपर्यंत. गिऱ्हाइकं बाहेर ताटकळायची. नातवंडं हसायची, मीही हसले आहे. "आजी, आता कोण येतंय?" असं विचारलं तर म्हणायच्या, "येऊ नये म्हणूनच बसलेय."

तेराव्यानंतर मी जिंतूरलाच थांबले होते. दोन दिवसांनी श्रीधरनं अर्धवट राहिलेलं काम हातात घेतलं. मागं मशीन घुमायला लागलं. मी पुढच्या खोलीत वाती वळत होते. थोड्या वेळानं श्रीधर मागून ओरडला, "आत्या, बाहेर माणूस उभाय, दार का लावलंस?"

माझी पाठ दाराला टेकलेली होती. कडी मीच घातली होती.

"आधी तुझं ते बंद कर," मी म्हटलं.