बर्फवाल्या काकूंची सही

माझ्या सासूबाईंना सगळं बंदर बर्फवाल्या काकू म्हणतं. सासरे गेले तेव्हा कारखाना विकून मोकळ्या व्हा, असं सांगणारे पुष्कळ होते. त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि थोड्याच दिवसांत बाह्या सरसावून कॉम्प्रेसरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून कारखान्याच्या ऑफिसातलं टेबल माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमचं काम दिसायला सोपं आहे. पत्र्याच्या उंच डब्यांत गोडं पाणी भरायचं, डबे थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे, आणि पाणी गोठलं की बर्फाची लादी काढून, फोडून होड्यांवर चढवायची. वीज गेली की मात्र सगळं ठप्प. अर्धवट गोठलेली लादी आतून पोकळ राहते, फोडायला घेतली की हाती नुसता चिखल. उन्हाळ्यात वीज रोज जायची. जनरेटर डिझेल पिऊन आमची कमाई धुरात घालवायचा, आणि तरीही होड्या बर्फाची वाट बघत धक्क्याला बांधलेल्या असायच्या.

अशातच एक दिवस पंखेवाला आला. हा मूळचा इंजिनिअर. बंदरामागच्या टेकडीवर एक उंच खांब रोवून तो दोन वर्षं वारा मोजत होता. लोकांना वाटायचं, ह्याचा एक स्क्रू ढिला आहे, टेकडीवर पंखे लावायला निघालाय, म्हणून हे नाव पडलं. त्याला तिथे चार पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. वारा होता, जागा होती, उभारून देणारा कंत्राटदारही होता. पण बँकेने त्याला एकच प्रश्न विचारला होता, ही वीज घेणार कोण? म्हणून तो आमच्याकडे आला होता. सासूबाईंनी पंधरा वर्षं ठरलेल्या दराने वीज घेण्याचा करार करावा, असं त्याचं म्हणणं होतं.

"पंधरा वर्षं?" सासूबाई म्हणाल्या. "एवढी हमी मला दातांच्या डॉक्टरनेही दिलेली नाही."

पण त्यांनी त्याला वाटेला लावलं नाही. कागद ठेवून जा म्हणाल्या.

सासूबाईंचे धाकटे दीर, म्हणजे माझे चुलत सासरे, कारखान्यात भागीदार आहेत. त्यांनी कागद बघितले आणि साफ नको म्हणाले. पूर्वी एकदा मित्राला जामीन राहून त्यांनी स्वतःचा ट्रक गमावला होता. उद्या पंखे बंद पडले तर बँक आपल्या दाराला कुलूप लावेल, असं त्यांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला सोबत घेऊन त्या सरळ बँकेत गेल्या.

तिथली कर्जाची अधिकारी माझ्याच वयाची होती. टेबलावर फायलींचा ढीग आणि खिडकीत वाळलेलं एक रोपटं. सासूबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, की पवनचक्क्या बुडाल्या तर आमचं काय जाईल?

तिने आधी पाणी मागवलं आणि मग सावकाश सांगितलं. एरवी बँक कर्ज देताना माणसाचं घरदार बघते. इथे तसं नाही. पंखेवाल्याने ह्या कामापुरती एक वेगळी कंपनी काढली आहे. त्या कंपनीकडे पवनचक्क्यांशिवाय दुसरं काही नाही. कर्ज फिटणार ते फक्त विजेच्या पैशातून. पैसे आलेच नाहीत तर बँकेच्या हाती पवनचक्क्याच येणार, त्याचं घर नाही आणि आमचा कारखाना तर नाहीच. म्हणून बँक कर्ज देण्याआधी बारीक तपासते, की वारा पुरेल का, काम वेळेत होईल का, वीज घेणारा टिकेल का आणि पैसे देईल का.

"म्हणजे तुम्ही मला तपासताय," सासूबाई म्हणाल्या.

"हो, काकू. तुमच्या नावावर कर्ज नाही. पण ते मिळालं तर तुमच्या नावामुळे मिळेल."

सासूबाई उठल्या. बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून म्हणाल्या, की हे गेले तेव्हा ह्याच इमारतीतून मला 'कोणीतरी जामीन आणा' म्हणून परत पाठवलं होतं. एवढं बोलून त्या झपझप खाली उतरल्या. त्या दिवशी त्या घरी चालतच गेल्या, आणि मला त्यांना गाठताना धाप लागली.

पण खरी अडचण पुढेच होती. करारात एक अट अशी होती, की ठरलेली वीज वापरली नाही तरी तिचे पैसे द्यायचे. सासूबाईंनी वाऱ्याचा तक्ता मागवला आणि महिने बघितले. सगळ्यात जोराचा वारा वादळी महिन्यांत होता, आणि त्या महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा बर्फ कोणाला विकणार? पंखेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण वर्षाची बेरीज जुळते म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला होता. बँकेतल्या बाईंनीही तोच मुद्दा लाल पेनाने खुणावून ठेवला होता. तेवढ्यावरून कर्ज अडणार होतं.

तेव्हा सासूबाईंना पंपघर आठवलं. गावाला पिण्याचं पाणी चढवणारे पंप बारा महिने चालतात, आणि ते आमच्या भिंतीला लागून आहेत. तिथले साहेब भिडस्त. मोठ्या ऑफिसला विचारावं लागेल म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवले. सासूबाईंनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. डबा घेऊन त्यांच्या खोलीत जेवायलाच जाऊ लागल्या. हळूहळू कळलं, की विजेअभावी पाणी चढलं नाही की लोक साहेबांच्या घराची बेल वाजवतात आणि त्यांची म्हातारी आई हैराण होते. शेवटी त्यांनी मोठ्या ऑफिसला लिहिलं, आणि मंजुरीही आली. वादळी महिन्यांतली वीज पंपघराने घ्यायची आणि बाकीची आम्ही, असं ठरलं.

सह्यांच्या आधी चुलत सासऱ्यांनी करार घरी नेला. आता हे मोडता घालणार, असं मला वाटलं. ते खरंच एक त्रुटी शोधून आले. बँकेने पवनचक्क्या ताब्यात घेतल्या तरी आम्ही वीज घेत राहायचं, असं लिहिलं होतं. पण नव्या मालकाने आम्हाला त्याच दराने ती द्यायची, हे कुठेच नव्हतं. बँकेतल्या बाईंनी वाचलं आणि मान डोलावली. तेवढं वाक्य वाढलं, आणि चुलत सासऱ्यांनी सासूबाईंच्या आधी सही केली.

उभारणी काही सुरळीत झाली नाही. खांबाचे लांबलचक तुकडे बंदराच्या वळणावर अडले, एका दुकानाचा ओटा फोडून पुन्हा बांधून द्यावा लागला, आणि उन्हाळा हातचा गेला. आम्ही आणखी एक मोसम डिझेलवर काढला. सासूबाई चिडल्या होत्या, पण पंखेवाल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. उशिराचा भुर्दंड कंत्राटदाराने भरायचा असं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे भांडायला कोणाला फारशी जागाच उरली नाही. बँकेतल्या बाई दर टप्प्याला येऊन, टेकडी चढून काम बघायच्या, मगच पुढचे पैसे सोडायच्या. पहिल्या वेळी त्या सँडल घालून आल्या होत्या. पुढच्या वेळी सासूबाईंनी आपले गमबूट दिले.

पंखे फिरले तो दिवस ढगाळ होता. ऑफिसात मीटरचा काटा हलला, कॉम्प्रेसरचा आवाज नेहमीसारखाच आला, आणि जनरेटर मात्र गप्प होता. आमचा जुना मिस्त्री त्या गप्प जनरेटरवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा होता. सासूबाईंनी लादी काढायला लावली आणि उजेडात धरून बघितली. ती आरपार घट्ट होती.

आता वारा असेल तेव्हा लाद्या जास्त पाडतो आणि थंड कोठीत रचून ठेवतो. वारा पडला की त्या काढतो. दुसऱ्या वर्षी एक महिना हवा अगदीच पडली होती. तेव्हा पंखेवाल्याच्या कंपनीने अशा दिवसांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून हप्ता भरला. ते पैसे ठेवायला बँकेने सुरुवातीलाच भाग पाडलं होतं, आणि तेव्हा पंखेवाला फार कुरकुरला होता. आता कोणी विचारलं तर ती युक्ती आपलीच असल्यासारखी सांगतो. डिझेलचे पैसे वाचले, म्हणून आम्ही बर्फाचा भाव थोडा उतरवला. धक्क्यावर होड्या थांबून राहत नाहीत. दोन नव्या होड्याही आल्या, त्यातली एक आमच्या मिस्त्रीच्या मुलीची आहे.

गेल्या महिन्यात बँकेतून फोन आला. पंखेवाल्याला पाचवी पवनचक्की लावायची आहे, काकू वीज घेतील का? मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं. सासूबाई टाकीच्या फळ्यांवर उभ्या होत्या.

"विचार करते म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "आणि फळवाल्यांना विचार, थंड कोठीत पेट्या ठेवायला जागा हवी का. वीज वाढवायची तर घेणारेही वाढवायला हवेत."

मी फोनवर तेवढं सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि बाजाराकडे निघाले.