जावयाच्या गाडीचा इंजिन नंबर

सेवेतल्या पुष्कळ केसेस आता तपशिलात आठवत नाहीत. ही मात्र जशीच्या तशी आठवते, आणि ती घडली तेव्हा मला निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं.

नोकरीची शेवटची सात वर्षं मी पुण्यात वाहनचोरीविरोधी पथकात काढली. कोरोनाच्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि पत्नी मुलीकडे नेदरलँड्सला, आर्नहेमला गेलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आम्ही तिथंच अडकलो. जावई एका ऊर्जा कंपनीत इंजिनिअर. लॉकडाऊन लागल्यापासून ते माळ्यावरच्या खोलीत हेडफोन लावून काम करायचे. छंद एकच, जुन्या अमेरिकन गाड्या. पन्नास वर्षांपूर्वीची, दोन दारांची, आठ सिलिंडरची एक गाडी त्यांनी घेतली होती. ती गावाबाहेर एका म्हाताऱ्या डच मेकॅनिकच्या शेडमध्ये उभी असे. मूळ इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता, म्हणून त्यांनी तसंच दुसरं इंजिन शोधून आणलं. एप्रिलमध्ये ते बसवताना मी हाताशी होतो. साखळीला टांगलेलं ते धूड खाली उतरवताना एक बाजू मीच सावरली होती.

मेकॅनिक तेव्हा नव्हता. आजाराच्या भीतीने तो महिनाभर शेडकडे फिरकलाच नाही, किल्ली जावयांकडे होती. मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी तो पहिल्यांदा आला आणि दारातच, लांब खुर्ची टाकून बसला. जावई काहीतरी खायला आणायला बाहेर गेले होते.

"अभिनंदन," म्हातारा इंग्रजीत म्हणाला. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय ना? पत्ता विचारायला त्याचा मला फोन आला होता. मूळ इंजिनासकट गाडी मिळतेय म्हणून फार खूश आहे."

ही गाडी कधीच विकणार नाही, असं जावई सगळ्यांना सांगायचे. आणि मूळ इंजिन? खबर देणाऱ्याला आपण खबर देतोय हे ठाऊक नसतं, तेव्हा ती बहुधा पक्की असते.

मी फडक्याला थिनर लावून इंजिनाची नंबराची पट्टी पुसली. कारखान्यात त्या जागेवर बारीक, समांतर रेषा उठतात. इथं त्या घासून गेल्या होत्या. आकडे कमीजास्त खोल, एक किंचित तिरका. हाताने पंच मारलेले आकडे मी शेकड्यांनी पाहिलेत. कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुना ब्लॉक होता. त्याच्यावरचा नंबर ग्राइंडरने उडवलेला. म्हणजे जुन्याचा नंबर नव्यावर चढवला होता.

पुण्यात असा नंबर सापडला की आम्ही खुशीत चहा मागवायचो. इथं मी ताडपत्री होती तशी परत ओढून ठेवली. पोलिसांत तक्रार गेली तर? जावयांच्या परमिटवर मुलगी आणि नात तिथं राहत होत्या.

जावई परत आले. म्हातारा बाहेर ऊन खात बसला होता. मी नंबराचा विषय काढला नाही. ज्याचं उत्तर सोपं वाटतं, असा प्रश्न आधी विचारायचा, ही जुनी सवय.

"सकाळी फार काम होतं का?"

"हो ना बाबा. दोन मीटिंगा झाल्या. एक टीमची, एक क्लायंटची. क्लायंट जरा कटकट्या आहे, परत परत तेच विचारतो."

न विचारलेलं इतकं कुणी सांगत नाही.

"टीम पूर्ण होती?"

"सगळे होते."

"आज हेमेलफार्टच्या सणाची सुट्टी आहे. सगळा देश घरी बसलाय. मुलगी सकाळीच म्हणाली, सुट्टी असून हे वर जाऊन बसलेत."

नोकरी असलेला माणूस सुट्टी विसरत नाही. खाली ठेवलेल्या टायरवर ते बसले.

"मार्चअखेर काँट्रॅक्ट संपलं, बाबा. रिन्यू केलं नाही. तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर परमिट जातं."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग रोज वर काय करता?"

"अर्ज करतो. नाहीतर नुसता हेडफोन लावून बसतो." मग त्यांनी स्वतःहूनच इंजिनाकडे बोट केलं. "मागच्या आठवड्यात मारला नंबर. मूळ इंजिन असलं की किंमत खूप वर जाते. म्हटलं, चार महिने तरी घर चालेल."

गिऱ्हाइकाला कळलं नसतं, म्हाताऱ्यालाही नाही. शनिवार निघून गेला असता. हा विचार माझ्या, म्हणजे एका पोलिसाच्या, मनात आला आणि काही क्षण राहिला, याची मला आजही लाज वाटते.

"माझ्यासमोर गिऱ्हाइकाला फोन लावा," मी म्हणालो. "आणि घरी गेल्यावर तिला सगळं सांगा. मी नातीला घेऊन नदीवर जातो."

गिऱ्हाइकाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. म्हाताऱ्यालाही जावयांनी स्वतःच सांगितलं. तो डच भाषेत बराच वेळ बोलला, पण शेडमधून गाडी काढ म्हणाला नाही.

मी नदीवरून परतलो तेव्हा मुलीचे डोळे सुजले होते. "गाडी गेली खड्ड्यात, बाबा," ती म्हणाली. "दोन महिने एका छताखाली राहून मला कळलं नाही, हे लागलंय मला." त्यानंतर दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन तीही माळ्यावर जाऊन बसली. अर्ज दोघं मिळून लिहू लागले. घरात कुणाचाही फोन वाजला की सगळे दचकायचे. पत्नी जेवता जेवता दिवस मोजायची. मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना आइंडहोव्हनहून होकार आला. गाडी ऑगस्टमध्ये विकली गेली, दोन्ही इंजिनं आणि खरी हकिकत लिहिलेल्या कागदासकट. किंमत बरीच कमी आली.

तीस वर्षं मी कबुली मिळाली की फाइल बंद करून जेवायला जात आलो. कबुली देऊन माणूस घरी कसा जातो, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. आता नवे फौजदार सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना म्हणतो, गुन्हा कसा केला ते विचाराच. पण "हे घरी कुणाला माहीत आहे?" एवढंही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.