उपडी टोपली

बाबा सीताफळं घेऊन हैदराबादच्या मंडईत गेले की तिथला अडत्या आधी त्यांची टोपली जमिनीवर उपडी करायचा. “तुम्ही लोक तळाला सडका माल दडवता,” असं चारचौघांत म्हणायचा. सडकं एकही निघायचं नाही. चांगली फळं मात्र फुटायची. बाबा वाकून ती वेचायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या डोक्यात तिडीक जायची.

यंदा सीताफळासाठी राज्याचा आयोग नेमायचं ठरलं आणि सदस्यत्वाचे अर्ज छाननीसाठी कृषी खात्यात माझ्या टेबलावर आले. तोच अडत्या, आता म्हातारा, व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी व्हायला निघाला होता. ऑफिसात भेटायला आला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. “मॅडम, घर का माल है,” म्हणत त्याने सीताफळांची टोपली पुढे सरकवली.

मी उठले आणि अख्ख्या ऑफिससमोर ती फरशीवर उपडी केली. वरची फळं टपोरी होती, तळाची काळी पडलेली, अळ्या लागलेली. लाच देतानाही मेल्याची सवय सुटली नव्हती.

“वेचा,” मी म्हणाले, आणि त्याने शेवटचं फळ उचलेपर्यंत खुर्चीत बसून बघत राहिले.