वजनासकट अलाइनमेंट

रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट करायचं नाही, हा भटू मिस्त्रींचा नियम होता. रिकामी गाडी खोटं बोलते, असं ते म्हणत. त्यामुळे प्रकाशा गावच्या फाट्यावरच्या त्यांच्या गॅरेजात चाकं जुळवायची वेळ आली की आधी सवाऱ्या गाडीत बसवल्या जात. आज गोवाल ड्रायव्हरच्या जुन्या पिकअपमध्ये चौदा माणसं आणि दोन बोकड बसले होते. कागदोपत्री गाडी मालवाहू होती. निदान बोकडांपुरता कायदा पाळला जात होता.

पुढच्या दबलेल्या स्प्रिंगा काढून मिस्त्रींनी सकाळीच नव्या बसवल्या होत्या. नव्या स्प्रिंगांनी गाडीचं नाक उचललं की चाकांचा कोन बदलतो, हे तालुक्यातल्या निम्म्या मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. भटूंना ते ठाऊक आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती.

त्यांनी सुतळी ताणली, ओळंबा लावला. उजवं चाक सरळ. डावं वरच्या अंगाला बाहेर झुकलेलं, आणि ती बाजू दोन बोटं उंच. माणसं डावीकडे सरकवली, बोकड सरकवले. डावी बाजू काही खाली बसेना. असं चाक भरल्या गाडीला एका अंगाला ओढतं, आणि गाडी जाणार त्या धडगावच्या घाटात एका अंगाला दरी असते.

"मिस्त्री, निघू का? अंधार पडी जाई," गोवाल म्हणाला.

मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. नव्या स्प्रिंगेला तेलातला शेंदूर लावल्याशिवाय ते बसवत नसत. तिच्यावर कारखान्यानं दिलेला रंगाचा एक ठिपका असतो. टिळ्याला ती जागा आयतीच मिळे. त्यांनी अंगठ्यानं उजवीकडचा शेंदूर पुसला. पिवळा ठिपका. डावीकडचा पुसला. हिरवा. दुकानातून दोन वेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा आल्या होत्या, आणि ते सांगणारी खूण मिस्त्रींनी मनोभावे झाकली होती.

शेंदूर पुन्हा लावता आला असता. चाकांना वळवणारा टायरॉड फिरवून सुतळीपुरतं जुळवताही आलं असतं. शहाद्यापर्यंत गाडी सरळ गेली असती; पुढचं घाटानं बघितलं असतं. ते तसेच पडून राहिले. बाहेर गोवालच्या चपला येरझाऱ्या घालत होत्या.

"खाले झोपी गयात का?" वरून म्हाताऱ्या फुलीबाईनं विचारलं. "आम्ही आठे गाडीमा वजन व्हयीसन बसेल शेतस."

सवाऱ्या हसल्या. मिस्त्री बाहेर आले.

"उतरा सगळा. स्प्रिंगांनी जोडी येगळी शे. मी दखं नही. चूक मन्ही शे."

"तुमनी?" गोवालला ते पचवणं चाक जुळवण्यापेक्षा अवघड वाटलं.

"जुन्या परत टाकसू. दबेल शेतस, पन दोन्ही सारख्या. सुतळी परत लावसू. तू निम्माच माणसं ले, हळू जाय."

निम्म्या सवाऱ्या दुसऱ्या गाडीकडे निघाल्या. फुलीबाई बोकडांपाशी उभी राहिली. "मी हाई गाडीमाच बससू. पन मिस्त्री बी बसतीन."

"माले काम शे, बाई."

"आम्हले बी घर शे."

मिस्त्री जॅक घेऊन आले. स्प्रिंगा बदलल्या, सुतळी दोन्हीकडे सारखी लागली, आणि मिस्त्री पुढे डाव्या खिडकीशी बसले. पहिल्या चढाआधी गोवालनं स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून त्यांच्याकडे बघितलं. गाडी सरळ गेली.

तरी घाट संपेपर्यंत मिस्त्री प्रत्येक वळणावर पाय दाबत राहिले. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता.